खालचा डावा कोपरा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'मालक' म्हणत. कागदोपत्री ते कसलेही मालक नव्हते. कणांचा झोत सोडणारं जे अवाढव्य यंत्र तिथल्या मोठ्या दालनात उभं होतं, त्याच्या सोर्सचे, म्हणजे झोत जिथे तयार होतो त्या भागाचे, ते मुख्य अभियंता होते, इतकंच. पण त्या सोर्सला कुणी हात लावायचा, कुणी नाही, त्याच्याजवळ उभं राहून शिंकायचं की नाही, हेसुद्धा तेच ठरवत. सोर्सचं पहिलं ड्रॉइंग काढलं तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. आता केसच मोजके उरले होते आणि निवृत्ती दाराशी येऊन ठेपली होती.

अशा माणसाच्या सोर्सवर नजर ठेवायला प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंनी कॅमेरे बसवायचं ठरवलं. आणि ते काम सोपवलं कुणाकडे, तर मालकांच्या सुनेकडे.

यात वशिला नव्हता. लग्नाआधीपासून ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत हेच काम करत होती, आणि त्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. मालकांना विचारलं असतं तर त्यांनी स्पष्ट नकार दिला असता, म्हणूनच बहुधा प्रमुखबाईंनी विचारलं नाही. मालक दोन दिवस घुश्शात होते. मग त्यांनी एक तोडगा काढला. घरी सुनेला 'अगं-तुगं' करायचं, पण प्रयोगशाळेत 'मॅडम' आणि 'तुम्ही'. तीही हुशार. घरी 'बाबा' म्हणायची आणि दालनात पाऊल टाकलं की 'सर'. एकाच गाडीतून दोघं कामावर जात, तेव्हा फाटकापर्यंत 'बाबा' आणि फाटक ओलांडलं की 'सर'. फाटकावरच्या पहारेकऱ्याला हा रोजचा तमाशा झाला होता.

मालकांची बायको रुग्णालयातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. वॉर्ड चालवायची सवय काही सुटली नव्हती. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "यंत्राची भांडणं घरात आणायची नाहीत. बूट काढता तसा तो विषयही दारात काढून ठेवायचा." मुलानं, म्हणजे सुनेच्या नवऱ्यानं, लगेच मान डोलावली. तो मुलांना पोहायला शिकवायचा आणि अणू-परमाणूंपासून जमेल तेवढा लांब राहायचा.

आता त्या यंत्राचं काम काय, ते थोडक्यात सांगायला हवं. सूर्याच्या पोटात हलके अणू एकमेकांत मिसळतात आणि त्यातून ऊर्जा निघते. तेच जमिनीवर घडवून त्याची वीज करावी, म्हणून कितीतरी माणसं आयुष्य घालवताहेत. त्यासाठी इंधनाचा वायू भयंकर तापवावा लागतो, आणि तो तापवायचा एक मार्ग म्हणजे त्यात वेगवान कणांचा झोत घुसवणं. हा झोत मालकांच्या सोर्समधून निघायचा. सोर्सच्या तोंडाशी तांब्याच्या जाड पत्र्याच्या जाळ्या होत्या; तापू नयेत म्हणून त्यांच्यात पाण्याच्या बारीक नळ्या कोरलेल्या. जाळ्यांना शेकडो भोकं, आणि भोकागणिक झोताची एक बारीक धार. सगळ्या धारा सारख्या जोराच्या आणि सरळ गेल्या तर उत्तम. वाट सोडली की त्या वाटेत येईल त्या धातूवर आदळणार आणि त्याचं पाणी करणार.

आजवर मालक झोताची परीक्षा सरळ पद्धतीनं घेत आले होते. झोत हवा काढून घेतलेल्या एका टाकीत सुटायचा; तिच्या दुसऱ्या टोकाला खास फरश्या लावायच्या, झोत त्यांच्यावर मारायचा आणि कुठे किती तापलं ते बघायचं. पण त्या फरश्या काही क्षणच तग धरत. आता झोत लांबवायचा होता, आणि तो सोसेल अशी फरशी कुणाकडे नव्हती. म्हणून कॅमेरे. टाकीतून जाताना झोत तिथल्या विरळ वायूला धडकतो आणि अंधुक गुलाबी उजेड पडतो. टाकीच्या चहूबाजूंच्या काचेच्या खिडक्यांतून तो उजेड टिपायचा आणि झोत मधोमध कापला तर आत कसा दिसेल, ते गणितानं काढायचं. याला टोमोग्राफी म्हणतात.

"झोताला हात न लावता नुसत्या उजेडावरून त्याच्या पोटातलं सांगणार!" मालक पहिल्या बैठकीत म्हणाले होते. "मग ज्योतिषीच व्हायचं होतं की, मॅडम."

सगळे हसले. सूनही हसली. तिनं दुसऱ्या दिवसापासून कॅमेरे बसवायला घेतले.

एका सुट्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मालकांच्या बायकोनंच विषय काढला. "मला एकदा सांग गं, तू नेमकं करतेस काय?"

"आई, नियम तुझाच आहे," मुलगा म्हणाला.

"माझा आहे म्हणूनच मला मोडता येतो. सांग तू."

सुनेनं टेबलावरचे पाण्याचे पेले इकडेतिकडे मांडले. "आई, डोळे टेबलाच्या कडेशी आणा. किती पेले दिसतात?"

"तीन."

"आता या बाजूला या."

"चार! अगं, हा मघाशी कुठे होता?"

"पुढच्याच्या आड. एका बाजूनं बघितलं की मागचे लपतात. पण बऱ्याच बाजूंनी बघितलं तर कुठला पेला कुठे आहे ते वरून न बघताही सांगता येतं. आधी एक अंदाजाचं चित्र धरायचं. ते खरं असतं तर प्रत्येक कॅमेऱ्याला काय दिसलं असतं, ते काढायचं. प्रत्यक्षात दिसलं त्याच्याशी ताडून बघायचं. जिथे फरक, तिथे चित्र सुधारायचं. पुन्हा ताडायचं, पुन्हा सुधारायचं. जुळेपर्यंत."

"म्हणजे संसारासारखंच," बायको म्हणाली.

मालक वर्तमानपत्राआड होते. त्यांनी पान जरा जास्तच जोरात उलटलं.

कॅमेरे बसले, त्यांची जुळवाजुळव झाली आणि पहिली चित्रं आली. बैठकीच्या खोलीत भिंतीवर झोताचा आडवा काप उमटला. तेजस्वी ठिपक्यांच्या रांगाच रांगा. जो झोत ते इतकी वर्षं आकड्यांतून आणि फरश्यांच्या डागांतून ओळखत होते, त्याचा चेहरा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. पण चित्राचा खालचा डावा कोपरा मंद होता. बाकी सगळीकडे दिवाणखान्यातला लख्ख उजेड आणि तेवढ्या कोपऱ्यात माळ्यावरचा.

"काच पुसा, मॅडम," मालक म्हणाले.

तिनं वाद घातला नाही. एकेक खिडकी तपासली, आणि एका काचेवर खरंच आतल्या बाजूनं पातळ थर चढलेला निघाला. काच बदलून झाल्यावर ती मालकांच्या टेबलाशी आली. "सर, तुमचं बरोबर होतं. एक कॅमेरा आंधळा झाला होता. बरं झालं, तुम्ही बोललात."

त्या संध्याकाळी मालक दोनदा वाढून घेऊन जेवले.

पण नवीन चित्रातही तो कोपरा होताच. आधीपेक्षा किंचित उजळ, पण मंदच. मालक म्हणाले, टाकीच्या चकचकीत भिंतीवरून उजेड उलटतोय, त्यानं कॅमेरे फसताहेत. तिनं समोरच्या भिंतीवर काळे पडदे लावून घेतले. कोपरा राहिला. मालक म्हणाले, कॅमेरा तसूभर सरकला असेल. तिनं सगळे कॅमेरे पुन्हा जुळवले. कोपरा राहिला. मालकांनी चौथी शंका काढली, मग पाचवी. आपल्या मनात खरोखर शंका आहे की हा नुसता हट्ट आहे, हे आता त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. तिनं मात्र प्रत्येक वेळी "बघते, सर" म्हटलं आणि खरंच बघितलं.

तेवढ्यात पाहुण्यांची तारीख ठरली. पुढच्या मोठ्या यंत्रासाठी याच धाटणीचा सोर्स घ्यायचा की नाही, ते ठरवायला तज्ज्ञांची समिती येणार होती, आणि त्यांच्यासमोर लांब शॉट घ्यायचा होता, म्हणजे झोत मधे न तोडता सोडायचा होता. पूर्ण ताकदीनं, आजवर कधी चालवला नव्हता इतका वेळ. निवृत्तीआधी एवढं एक पाहायचं, असं मालकांनी कधीचं मनाशी धरलं होतं. त्यांची कळी खुलली. दालनातून चालताना ते चक्क शीळ घालू लागले.

घरी रात्रीची भांडी घासणं हे मालकांचं काम होतं. पाहुणे यायला थोडे दिवस उरले असताना एका संध्याकाळी ते बाह्या सरसावून उभे होते. सून येऊन शेजारी उभी राहिली आणि फडक्यानं ताटं पुसू लागली.

"बाबा, एक बोलू? यंत्राबद्दल आहे."

"आईनं काय सांगून ठेवलंय?"

"आई शेजारी गेल्यात."

मालकांना हसू आलं, पण तिचा चेहरा बघून ते ओठांतच राहिलं. "बोल."

"उद्या मी प्रमुखबाईंना अहवाल देणार आहे. लांब शॉट आत्ता घेऊ नये, असं त्यात लिहावं लागणार आहे मला. त्या कोपऱ्यातल्या धारा नुसत्या मंद नाहीत, वाकताहेत. त्यांच्या कानावर घालायच्या आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं."

नळ वाहत राहिला. मालकांनी तो बंद केला.

"म्हणजे माझा सोर्स नापास."

"सोर्स नाही, बाबा. एक कोपरा."

"तू शाळेत जात होतीस तेव्हापासून ओळखतो मी तो कोपरा! त्याचं भोक न् भोक मला पाठ आहे. तुझ्या खिडक्यांतून डोकावणाऱ्या डबड्यांनी मला शिकवायचं?"

"शिकवायला नाही आले," ती म्हणाली. ती मागे सरली नाही. "मला नुसतं दिसतंय. तसं का होतंय, ते मला कळत नाही. ते कळलं तर तुम्हालाच कळेल."

मालकांनी हात पुसले, चपला घातल्या आणि ते खाली उतरले. इमारतीसमोर रस्त्याकडेला एक बाक होता. तिथे ते बसून राहिले. समोरच्या धोब्याच्या दुकानात कपड्यांना इस्त्री चालली होती. राग होता, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते त्यांना सापडत नव्हतं. तोंडावर 'नाही' म्हणणारं माणूस आपल्याला शेवटचं कधी भेटलं, हे ते आठवू पाहत होते. हाताखालची मंडळी 'हो मालक, बरोबर मालक' म्हणायची. त्यांना वाटायचं, आपलं सगळं बरोबरच असतं म्हणून म्हणतात.

बायको शेजारून परत येत होती. नवऱ्याला बाकावर बघून ती थबकली, मग येऊन शेजारी टेकली. त्यांनी सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ती खोटं बोलतेय असं वाटतंय?"

"छे. खोटं बोलणाऱ्यातली नाही ती."

"मग चुकतेय?"

"चुकत असेल." ते थांबले. "नसेलही."

"मग तपासून बघा की. एवढे इंजिनियर ना तुम्ही? रुसून बाकावर बसल्यानं काय मोजलं जातं?" ती उठली. "आणि चला वर. अर्धी भांडी तशीच टाकून आलात, ती काही मी घासणार नाही."

वर आल्यावर मालकांनी आधी भांडी संपवली. मग ते सुनेच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. "तो अहवाल एक दिवस थांबव," ते म्हणाले. "उद्या तीन शॉट घेऊ. छोटे. सोर्सच्या पाठीमागे झोताच्या एकेका भागाला जोर देणारे कप्पे आहेत, त्यांची ताकद मला वेगवेगळी बदलता येते. मी काय बदललं ते तुला सांगणार नाही. तुझ्या चित्रांनी ओळखलं, तर मी मानीन."

ती उठून उभी राहिली. "चालेल, बाबा," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मालकच गोंधळले. परीक्षा घेतो म्हटल्यावर इतकं खूष होणारं कुणी त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नियंत्रण कक्षात मालक आणि 'पायलट' दोघंच बसले. पायलट म्हणजे कळफलकावर बसून शॉट सोडणारा त्यांचा जुना जोडीदार. एखादी गोष्ट पोटात ठेव म्हटलं की पोटातच ठेवणारा. सून तिच्या माणसांबरोबर पलीकडच्या खोलीत, मधे बंद दार. पहिल्या शॉटला मालकांनी वरच्या उजव्या कप्प्याची ताकद थोडी उतरवली. दुसऱ्या शॉटला त्यांनी सगळं पूर्ववत केलं आणि काहीही बदललं नाही. पायलटनं त्यांच्याकडे बघितलं.

"मालक, हा डाव बरा नव्हे."

"गप्प बस. बटण दाब."

तिसऱ्या शॉटला मधल्या कप्प्याची ताकद किंचित वाढवली, इतकी किंचित, की पायलट म्हणाला, हे तर देवालाही दिसणार नाही.

दुपार कलल्यावर दार उघडलं. सून चित्रं घेऊन आली आणि तिनं ती पडद्यावर लावली.

"पहिल्यात वर उजवीकडे कमी केलंत, सर. तिसऱ्यात मधे वाढवलंत, अगदी थोडं. आणि दुसऱ्यात..." ती दुसऱ्या चित्राकडे वळली. "दुसऱ्यात मला काहीच सापडलं नाही. आम्ही फिरून फिरून गणित केलं. जे काही बदललं असेल, ते माझ्या कॅमेऱ्यांना कळलं नाही. तेवढं माझं चुकलं असं धरा."

पायलट छताकडे बघू लागला.

"दुसऱ्यात काही बदललंच नव्हतं," मालक म्हणाले.

तिनं खुर्ची ओढली आणि ती बसली.

मालकांच्या मनात त्या क्षणी काय झालं, ते त्यांना पुढे कधी धड सांगता आलं नाही. जे दिसलं नाही ते दिसलं म्हणायला ती तयार नव्हती, आपली सगळी मेहनत पाण्यात जात असतानाही. तर मग जे तिला दिसतंय, ते तिथे आहे. बाकावर बसून जे सापडत नव्हतं, ते त्यांना आता सापडलं. ती भीती होती. आपल्या सोर्सला काहीतरी झालंय आणि ते आपल्याला कळलेलं नाही, याची भीती.

"तो कोपरा दाखव," ते म्हणाले. 'दाखवा, मॅडम' म्हणायचं राहूनच गेलं. "एका शॉटमधला. सुरुवातीपासून शेवटापर्यंत."

तिनं चित्रांची मालिका लावली. सुरुवातीला कोपरा जवळजवळ ठीक होता. मग जसजसा शॉट पुढे सरकला, तसतशा त्या धारा हळूहळू खाली झुकत गेल्या आणि मंदावल्या. पुढच्या शॉटला पुन्हा आधीच्यासारखी सुरुवात, पुन्हा तेच झुकणं.

"थांब. परत लाव." मालक पडद्याला नाक लावून उभे राहिले. "जाळी मुळातच वाकलेली असती तर पहिल्यापासून वाकडं दिसलं असतं. हे वाकत जातंय. म्हणजे तापतंय." ते गर्रकन वळले. "जाळी तापतेय तिथे. तापून फुगतेय. पाणी पोचत नाहीये!"

"पण पाण्याचा प्रवाह तर पुरेपूर दिसतोय, मालक," पायलट म्हणाला.

"एकूण प्रवाह! सगळ्या नळ्यांचा मिळून. एक तुंबली तर तिचं पाणी बाकीच्यांतून जाईल, आपल्याला काय कळणार?"

त्याच पावली ते प्रमुखबाईंकडे गेले. सुनेला बरोबर नेलं. अहवाल तिनं द्यायचा होता, पण बोलले तेच. "लांब शॉट रद्द करा. सोर्स उघडतोय."

प्रमुखबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाहुणे येताहेत. त्यांना काय दाखवायचं?"

"उघडलेला सोर्स दाखवू. आणि हिची चित्रं."

"तुमची खात्री आहे?"

"माझी नव्हती," मालक म्हणाले. "हिनं करून दिली."

सोर्स उघडायचं काम म्हणजे खेळ नव्हे. टाकीत हवा भरून घ्यायची, जोडण्या सोडवायच्या, जड भाग क्रेनच्या पाळण्यात घालून बाहेर काढायचे. मालक दिवसभर तिथेच. तांब्याची जाळी टेबलावर आडवी ठेवली आणि त्यांनी खालच्या डाव्या कोपऱ्यावर दिवा धरला. तांबं तिथे निळसर-तपकिरी झालं होतं. काही भोकांच्या कडा मेणासारख्या ओघळल्या होत्या. एकेका नळीतून वेगळं पाणी सोडून पाहिलं. बाकीच्यांतून सणसणीत धार आली, आणि त्या कोपऱ्यातल्या नळीतून नुसती टिपटिप. पुढे तो भाग कापला तेव्हा आत तांब्याचा एक गुंडाळलेला कीस निघाला, करंगळीच्या नखाएवढा. नळी कोरताना आत राहून गेलेला. कुणाच्या हातून, ते कधी कळलं नाही, आणि मालकांनी शोधायलाही दिलं नाही.

पायलटनं तो कीस तळहातावर घेतला. "लांब शॉट घेतला असता तर?"

मालकांनी दिवा खाली ठेवला. "जाळीला भोक पडलं असतं. नळीतलं पाणी टाकीत. आतलं सगळं एका झटक्यात बरबाद. पुन्हा उभं करायला वर्षं गेली असती." आणि मग हळू आवाजात, "मी नसतो तोवर इथे."

ते तिथेच एका लाकडी खोक्यावर टेकले. दालनाच्या पलीकडच्या टोकाला सून शिडीवर चढून कॅमेऱ्याची काच पुसत होती. तिला ही बातमी अजून कळली नव्हती. ती आपलं काम करत होती, आणि मालक तिच्याकडे बघत होते. आपल्या आयुष्याची कमाई कुणीतरी आपल्या हातून पडता पडता झेलली आहे आणि झेलणाऱ्याला अजून पत्ताही नाही, असं काहीसं त्यांना वाटलं.

समिती आली. मालकांनी त्यांना जाळी दाखवली, कीस दाखवला आणि चित्रं समजावून सांगायला सुनेला पुढे केलं. तिचं बोलणं संपल्यावर समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "या चित्रांवर तुमचा आधीपासून विश्वास होता?"

"नव्हता," मालक म्हणाले. "मी यांना शक्य तितका त्रास दिला. त्यांनी प्रत्येक त्रासाला उत्तर दिलं. आज हा सोर्स शाबूत आहे तो यांच्यामुळे, माझ्यामुळे नाही." एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं.

पाहुण्यांसमोर बोलणं त्या मानानं सोपं होतं. घरच्या माणसाचे आभार मानायचे कसे, हा खरा पेच होता. 'आभारी आहे' म्हणावं तर व्यासपीठावरून बोलल्यासारखं वाटे. 'थँक यू' म्हणावं तर दुकानात सुटे पैसे परत मिळाल्यासारखं. मालकांनी गाडीत दोन-तीनदा सुरुवात केली आणि दर वेळी रहदारीवर घसरले.

नवी जाळी तयार होऊन बसायला बरेच महिने लागले. या खेपेला प्रत्येक नळी वेगळी तपासली. मग एका सकाळी तो लांब शॉट घेतला. नियंत्रण कक्षात बसायला जागा नव्हती. पायलटनं बटण दाबलं आणि पडद्यावर झोताचा चेहरा उमटला. सगळे ठिपके, रांगेत, चारी कोपरे सारखे. मिनिटामागून मिनिटं गेली. कुणीतरी कुजबुजलं, कुणी घड्याळ बघितलं. चित्र हललं नाही. ठरलेली वेळ गाठून झोत आपसूक बंद झाला तेव्हा खोलीत इतका गलका उठला की पायलट काय ओरडत होता, ते कुणालाच कळलं नाही.

मालक गलक्यातून बाहेर आले. लांबलचक व्हरांड्यात सून एकटीच खिडकीपाशी उभी होती, डोळे पुसत.

"अगं, रडतेस काय?"

"रडत नाहीये, बाबा. म्हणजे, सर."

"बाबाच म्हण." ते तिच्या शेजारी उभे राहिले. खाली आवारात कुणीतरी सायकल लावत होतं. "तुला एक सांगायचंय. किती दिवस सांगायचंय, पण तोंडातून निघत नाही. तू त्या दिवशी आधी माझ्याकडे आलीस. भांडी घासत होतो तेव्हा. थेट वर गेली असतीस तरी तुझं चुकलं नसतं. मी ओरडलो, तरी जागची हलली नाहीस. माझी लाज राखलीस तू. माझं काम राखलंस. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

ती म्हणाली, "मलाही सांगायचंय. तुम्ही परीक्षा घेतलीत ना, ती. सून म्हणते म्हणून मान्य केलं असतंत, तर मला आयुष्यभर वाटत राहिलं असतं की माझ्या गणितात दम नव्हता, तुम्ही फक्त मन राखलंत. तो दुसरा शॉट तर... त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता, बाबा! आता वाटतं, तसा शॉट माझ्यासाठी दुसऱ्या कुणी घेतलाच नसता."

"पायलट म्हणाला होता, डाव बरा नाही म्हणून."

"नव्हताच बरा," ती हसत म्हणाली, आणि दोघंही हसली. आतून कुणीतरी हाका मारत होतं.

संध्याकाळी ती कामात अडकली, म्हणून मालक एकटेच निघाले. वाटेत मुलाचा तरणतलाव होता. ते कधी तिथे जात नसत. आज गाडी थांबवून आत गेले. मुलं घरी गेली होती, पाणी निवांत झालं होतं, आणि मुलगा काठावर बसून ओले टॉवेल गोळा करत होता. बापाला बघून तो दचकला.

"बाबा? सगळं ठीक ना?"

"उत्तम झालं. चारी कोपरे." मालकांनी बूट-मोजे काढले, पँट वर दुमडली आणि मुलाशेजारी बसून पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. बरं वाटलं. "तुझे आभार मानायला आलोय."

"माझे? मी काय केलं? मला तर तो सोर्स डावीकडून सुरू होतो की उजवीकडून, तेही माहीत नाही."

"तू तिच्याशी लग्न केलंस."

मुलगा खळखळून हसला. रिकाम्या तलावावर ते हसणं घुमलं. "मग आभार तिचेच माना, बाबा. विचारलं मी होतं, पण हो म्हणाली ती."

"तिचे सकाळीच मानले," मालक म्हणाले. मग त्यांनी हात लांबवून एक ओला टॉवेल उचलला आणि मुलाबरोबर तेही घड्या घालू लागले.